बीएस्सीला ॲडमिशन तर झालं, आता पदवीपर्यंत टिकायचं कसं? गव्हाण परिसरातल्या मुलांसाठी आणि पालकांसाठी सविस्तर माहिती

गव्हाण (ता. पनवेल) : बारावी सायन्सचा निकाल लागला की घरात पेढे येतात, व्हॉट्सॲप ग्रुपवर अभिनंदनाचे फोटो फिरतात. पनवेलच्या किंवा उरणच्या कॉलेजात बीएस्सीला ॲडमिशन होतं. त्यानंतरची बातमी मात्र ग्रुपवर येत नाही. पहिल्या सेमिस्टरला गणितात नाहीतर फिजिक्समध्ये केटी लागते. स्कॉलरशिपचे पैसे आलेले नसतात. जाण्यायेण्याचा खर्च अंगावर येतो. मग एक दिवस मुलगा गोदामात किंवा कंटेनर यार्डात कामाला लागतो. विचारलं तर म्हणतो, "सायन्स आपल्याला झेपत नाही."

या 'झेपत नाही'च्या मागे बऱ्याचदा वेगळ्याच तीन गोष्टी असतात : वेळेवर न आलेला पैसा, अपुरे कागद आणि एकट्याने केलेला अभ्यास. तिन्हींवर उपाय आहेत. काही सरकारी योजनांमध्ये आहेत, काही कॉलेजात आहेत आणि एक तर गावातल्या समाजमंदिरातही होऊ शकतो.

प्रश्न किती मोठा आहे?

उच्च शिक्षणाच्या अखिल भारतीय सर्वेक्षणानुसार २०२१-२२ मध्ये देशात ४ कोटी ३३ लाख विद्यार्थी कॉलेज-विद्यापीठांत शिकत होते. त्यात अनुसूचित जमातीचे विद्यार्थी ६.३ टक्के होते. २०११ च्या जनगणनेनुसार लोकसंख्येत हा समाज ८.६ टक्के आहे. म्हणजे जेवढी मुलं कॉलेजात दिसायला हवीत, तेवढी दिसत नाहीत. रायगड जिल्ह्यात तर आदिवासींचं प्रमाण साडेअकरा टक्क्यांच्या आसपास आहे. त्यातला कातकरी समाज हा महाराष्ट्रातल्या तीन विशेष असुरक्षित आदिम जमातींपैकी एक. दुसऱ्या दोन म्हणजे कोलाम आणि माडिया गोंड.

ॲडमिशन झाल्यावरही प्रश्न संपत नाही. डिसेंबर २०२३ मध्ये केंद्र सरकारने लोकसभेत दिलेल्या उत्तरानुसार, पाच वर्षांत केंद्रीय विद्यापीठं, आयआयटी आणि आयआयएममधून अनुसूचित जाती, अनुसूचित जमाती आणि ओबीसी प्रवर्गातल्या १३,६०० हून जास्त विद्यार्थ्यांनी शिक्षण मध्येच सोडलं. यातले काही दुसऱ्या कोर्सला किंवा दुसऱ्या संस्थेत जातात, असं सरकारचं म्हणणं होतं. तरी आकडा लहान नाही. आणि ही तर कठीण परीक्षा पास होऊन आत गेलेली मुलं.

गव्हाण, उलवे, जासई, न्हावा या पट्ट्यात या प्रश्नाला आणखी एक बाजू आहे. इथली शेती आणि मिठागरं नवी मुंबईसाठी आणि बंदरासाठी गेली. जानेवारी १९८४ मध्ये जासई परिसरात दि. बा. पाटील यांच्या नेतृत्वाखाली शेतकरी रस्त्यावर उतरले, गोळीबारात पाच जण हुतात्मा झाले. त्या लढ्यातून पुढे साडेबारा टक्के विकसित जमिनीचा मार्ग निघाला. आता दाराशी बंदर आहे, अटल सेतू आहे, विमानतळ आहे. पण भात पिकवून जगायचा पर्याय बऱ्याच घरांना उरलेला नाही. प्रयोगशाळा, रसायन कारखाने, औषध कंपन्या, तांत्रिक विभाग, सगळीकडे आधी पदवी विचारतात. आगरी, कोळी, बौद्ध, ठाकूर, कातकरी, मुस्लिम, कोणत्याही घरातला पहिला पदवीधर मध्येच थांबला तर मागच्या भावंडांचीही हिंमत खचते.

सायन्सची मुलं नेमकी कुठे अडखळतात?

पहिलं अडखळणं गणितातच असतं. बारावीपर्यंत गणितं सोडवायची असतात, बीएस्सीत ती सिद्ध करायची असतात. बारावीत सूत्र पाठ असलं की डेरिव्हेटिव्ह काढता येतो. पहिल्या वर्षाला प्राध्यापक विचारतात, हे सूत्र खरं कशावरून? बारावीत ८० टक्के मिळवलेला मुलगाही इथे गोंधळतो. त्याला वाटतं आपणच मठ्ठ. खरं म्हणजे खेळाचे नियमच बदललेले असतात आणि ते त्याला कुणी सांगितलेलं नसतं.

दुसरं म्हणजे भाषा. दहावीपर्यंत मराठीत शिकलेल्या मुलाला त्वरण हा शब्द माहीत असतो. कॉलेजात फळ्यावर ॲक्सेलरेशन येतं. कल्पना तीच असते, नाव वेगळं असतं. वर्गात हात वर करून विचारायची लाज वाटते, कारण इंग्रजी तुटकं येतं.

तिसरं कारण वेळ. आर्ट्स-कॉमर्सचा विद्यार्थी सकाळी लेक्चर करून दुपारी कामाला जाऊ शकतो. सायन्सला प्रॅक्टिकल असतं, जर्नल पूर्ण करून सही घ्यावी लागते, हजेरी लागते. घरी पैशांची गरज असली की सायन्सचा विद्यार्थी सगळ्यात आधी कोंडीत सापडतो. कातकरी वाड्यांवर तर दिवाळीनंतर अख्खं कुटुंब वीटभट्टीवर जातं ते पावसाच्या तोंडावर परततं. त्या घरातल्या मुलाला राहायला हॉस्टेल नसेल, तर दुसरं सेमिस्टर सुटलंच म्हणून समजा.

चौथी गोष्ट म्हणजे एकटेपणा. वर्गात आपल्या गावचं, आपल्या वाडीवरचं कुणी नसतं. लोकलमध्ये बसायचं, लेक्चर ऐकायचं, घरी यायचं. अडलेलं गणित अडलेलंच राहतं. ही गोष्ट किरकोळ वाटते, पण अमेरिकेतल्या एका प्रसिद्ध अभ्यासात हीच सर्वात मोठी निघाली.

बर्कलेमध्ये काय सापडलं?

१९७० च्या दशकात कॅलिफोर्निया विद्यापीठाच्या बर्कले इथल्या शाखेत युरी ट्राइझमन नावाचे तरुण गणिती शिकवत होते. त्यांच्या लक्षात आलं की कॅल्क्युलसच्या पेपरात कृष्णवर्णीय विद्यार्थी फार मोठ्या प्रमाणात नापास होतात, तर चिनी वंशाचे विद्यार्थी चांगले मार्क मिळवतात. त्यांनी प्राध्यापकांना कारण विचारलं. उत्तरं आपल्याकडेही ऐकू येतात तशीच होती : मुलांना आवड नाही, पाया कच्चा आहे, घरून पाठिंबा नाही, गरिबी आहे.

ट्राइझमन यांनी २० कृष्णवर्णीय आणि २० चिनी वंशाच्या विद्यार्थ्यांना जवळून पाहायला सुरुवात केली. ते सुमारे दीड वर्ष त्यांच्या खोल्यांवर गेले, त्यांच्यासोबत बसले. सगळे अंदाज चुकीचे निघाले. कृष्णवर्णीय मुलं मेहनती होती. त्यांच्यातली कित्येक आपापल्या शाळेत टॉपर होती. घरच्यांनी पोटाला चिमटा काढून त्यांना पाठवलं होतं. फरक एकाच ठिकाणी होता : ही मुलं अभ्यासाला एकटी बसायची. चिनी वंशाची मुलं आधी स्वतः गणितं करायची, मग संध्याकाळी एकत्र जमायची, एकमेकांची उत्तरं तपासायची, चूक निघाली की हसायची आणि परत करायची. सगळ्यांनाच जमलं नाही तर त्यांना कळायचं की गणितच अवघड आहे. एकट्या मुलाला मात्र वाटायचं की आपणच कमी पडतो.

मग ट्राइझमन यांनी गट तयार केले. त्या गटांना 'कच्च्या मुलांचा जादा तास' असं नाव दिलं नाही. उलट नेहमीपेक्षा अवघड गणितं दिली आणि ती एकत्र बसून सोडवायला सांगितली. शिकवणारा फक्त फिरत राहायचा आणि अडलं तिथे प्रश्न विचारायचा. या गटांतल्या मुलांचे निकाल स्पष्ट सुधारले आणि पुढे अमेरिकेतल्या बऱ्याच विद्यापीठांनी ही पद्धत उचलली.

असाच दुसरा कार्यक्रम मेरीलँड विद्यापीठाच्या बाल्टिमोर काउंटी शाखेत १९८८ मध्ये सुरू झाला. त्याचं नाव मेयरहॉफ स्कॉलर्स. फ्रीमन ह्राबोव्स्की यांनी तो उभा केला. कॉलेज सुरू होण्याआधी उन्हाळ्यात तयारीचा वर्ग, एकत्र राहणं, गटात अभ्यास, स्कॉलरशिप आणि लवकरच खऱ्या प्रयोगशाळेत काम, अशी त्याची बांधणी. कोरोनाच्या मॉडर्ना लसीमागच्या संशोधनात महत्त्वाचं काम करणाऱ्या डॉ. किझमेकिया कॉर्बेट याच कार्यक्रमातून शिकल्या.

आपल्याकडे ही कल्पना जुनीच

एकत्र राहून, एकमेकांच्या आधाराने शिकणं महाराष्ट्राला नवं नाही. कर्मवीर भाऊराव पाटील यांनी १९१९ मध्ये कराड तालुक्यातल्या काले इथे रयत शिक्षण संस्था सुरू केली. १९२४ मध्ये साताऱ्यात त्यांनी वसतिगृह काढलं. तिथे सगळ्या जातीधर्मांची मुलं एका छताखाली राहायची, एका पंगतीत जेवायची. १९२७ मध्ये महात्मा गांधींच्या हस्ते त्या वसतिगृहाचं छत्रपती शाहू बोर्डिंग असं नामकरण झालं. पुढे १९४७ मध्ये साताऱ्यात कॉलेज निघालं आणि 'कमवा आणि शिका' योजना तिथे रुजली. गव्हाणचं छत्रपती शिवाजी विद्यालय आणि पनवेलचं महात्मा फुले कॉलेज याच रयतच्या परिवारातले. थोडक्यात, बर्कलेला जे नव्याने सापडलं त्याचं मूळ साताऱ्याच्या बोर्डिंगमध्ये आधीपासून होतं.

गावात अभ्यासगट कसा चालवायचा?

याला पैसे लागत नाहीत. जागा, वेळ आणि नियम लागतात.

- पाच-सहा जण पुरेत. वेगवेगळ्या कॉलेजांतले असले तरी चालतं. पहिल्या वर्षाचे चार आणि दुसऱ्या-तिसऱ्या वर्षाचे एक-दोन असले तर उत्तम.
- आठवड्यातून दोनदा, दोन-दोन तास, ठरलेल्या वेळी. समाजमंदिर, शाळेची खोली, ग्रामपंचायतीचं वाचनालय, कुठेही. मुलींना सोयीची वेळ आधी ठरवा, मग बाकीच्यांची.
- येण्याआधी प्रत्येकाने ती गणितं स्वतः करून बघायची. गटात येऊन दुसऱ्याचं उतरवून घ्यायचं नाही.
- ज्याला उत्तर आलं त्याने फळ्यावर समजवायचं, शक्यतो मराठीत. शब्द दोन्ही भाषांत लिहायचे. राज्याच्या भाषा संचालनालयाने गणित, भौतिकशास्त्र अशा विषयांचे परिभाषा कोश काढलेत, ते इंटरनेटवर फुकट बघता येतात.
- "हे कसं काय?" हा प्रश्न विचारणाऱ्याला हसायचं नाही. हा नियम सर्वात महत्त्वाचा.

एक उदाहरण घेऊ. पहिल्या वर्षाला हमखास येणारा प्रश्न : २ चं वर्गमूळ अपरिमेय आहे, म्हणजे ते दोन पूर्ण संख्यांच्या अपूर्णांकात लिहिता येत नाही, हे सिद्ध करा. एकटा मुलगा हे पाठ करतो आणि परीक्षेत मधली ओळ विसरतो. गटात एक जण म्हणतो, आधी उलट मानू, की लिहिता येतं, आणि अपूर्णांक अगदी साध्या रूपात आहे, वरखाली सामायिक अवयव नाही. दुसरा विचारतो, उलट का मानायचं? तिसरा म्हणतो, चोर पकडायला त्याचीच गोष्ट खरी मानून पुढे चालायचं, कुठेतरी तो अडकतोच. मग दोन्ही बाजूंचा वर्ग केला की वरचा अंक सम निघतो. सम म्हणजे दोनने भाग जाणारा, तो तसा लिहून परत मांडला की खालचाही सम निघतो. दोघंही सम म्हणजे दोघांनाही दोनने भाग जातो. पण आपण तर म्हणालो होतो की सामायिक अवयव नाही. चोर सापडला! अशी समजलेली सिद्धता परत पाठ करावी लागत नाही.

पैसा : कोणासाठी काय आहे?

योजना बऱ्याच आहेत. अर्जाच्या तारखा आणि अटी दरवर्षी बदलतात, म्हणून भरण्याआधी महाडीबीटी पोर्टल किंवा कॉलेजचं स्कॉलरशिप खातं बघावं. मुख्य योजना अशा :

- भारत सरकार मॅट्रिकोत्तर शिष्यवृत्ती : अनुसूचित जाती आणि जमातीच्या विद्यार्थ्यांसाठी. कुटुंबाचं वार्षिक उत्पन्न अडीच लाखांपर्यंत. अर्ज महाडीबीटीवर. ओबीसी, विमुक्त-भटक्या आणि विशेष मागास प्रवर्गासाठी वेगळ्या शिष्यवृत्ती आणि फी सवलती त्याच पोर्टलवर आहेत.
- स्वाधार योजना : डॉ. बाबासाहेब आंबेडकर यांच्या नावाची. अनुसूचित जाती आणि नवबौद्ध विद्यार्थ्यांना सरकारी हॉस्टेल मिळालं नाही, तर जेवण, राहणं आणि इतर खर्चासाठी थेट खात्यात रक्कम. मुंबई, नवी मुंबई, ठाणे, पुणे अशा शहरांत शिकणाऱ्यांना वर्षाला ६० हजारांपर्यंत, इतर ठिकाणी कमी.
- पंडित दीनदयाळ उपाध्याय स्वयम् योजना : आदिवासी विद्यार्थ्यांसाठी अशीच मदत. रायगडमधल्या आदिवासी विद्यार्थ्यांनी हॉस्टेल आणि स्वयम्, दोन्हींसाठी पेणच्या एकात्मिक आदिवासी विकास प्रकल्प कार्यालयात चौकशी करावी.
- ज्ञानज्योती सावित्रीबाई फुले आधार योजना : ओबीसी, विमुक्त-भटके आणि विशेष मागास प्रवर्गातल्या, घरापासून लांब राहून शिकणाऱ्यांसाठी. आगरी आणि कोळी कुटुंबांनी ही लक्षात ठेवावी.
- केंद्रीय क्षेत्र शिष्यवृत्ती : बारावीला आपल्या बोर्डात ८० पर्सेंटाइलच्या वर असलेल्यांना. उत्पन्न साडेचार लाखांपर्यंत. पदवीच्या पहिल्या तीन वर्षांत वर्षाला १२ हजार रुपये. अर्ज राष्ट्रीय शिष्यवृत्ती पोर्टलवर, कोणत्याही जातीधर्माच्या विद्यार्थ्याला करता येतो.
- इन्स्पायर शिष्यवृत्ती : खास मूलभूत विज्ञान आणि गणितासाठी. बारावी बोर्डात वरच्या एक टक्क्यात असलेल्या आणि बीएस्सी किंवा इंटिग्रेटेड एमएस्सी करणाऱ्यांना वर्षाला ८० हजारांपर्यंत. ही इंजिनीअरिंग-मेडिकलला मिळत नाही. म्हणजे हुशार मुलगा बीएस्सीला गेला तर 'वाया गेला' असं म्हणणाऱ्यांनी हा आकडा एकदा बघावा.

एक गैरसमज इथे दूर करायला हवा. मुलींना फी पूर्ण माफ, असा जुलै २०२४ चा सरकारी निर्णय व्यावसायिक अभ्यासक्रमांसाठी आणि ठरावीक प्रवर्ग-उत्पन्नासाठी आहे. साध्या बीएस्सीला तो आपोआप लागू होईल असं धरून चालू नका. बीएस्सीच्या मुलींसाठी कोणती सवलत लागू आहे ते ॲडमिशनच्या दिवशीच ऑफिसात विचारून घ्या.

आणखी एक : स्कॉलरशिप एकदा मिळाली की तीन वर्षं मिळत राहते, असं नाही. दरवर्षी रिन्यूअलचा अर्ज भरावाच लागतो. बऱ्याच जणांचे पैसे इथेच अडकतात.

कागद : निकालाची वाट बघू नका

कागदांचं काम अकरावीतच सुरू करावं.

- जातीचा दाखला : प्रांत कार्यालयातून मिळतो. जुन्या वास्तव्याचा पुरावा लागतो. अनुसूचित जातीसाठी १० ऑगस्ट १९५०, अनुसूचित जमातीसाठी ६ सप्टेंबर १९५०, विमुक्त-भटक्यांसाठी २१ नोव्हेंबर १९६१ आणि ओबीसी व विशेष मागास प्रवर्गासाठी १३ ऑक्टोबर १९६७ या तारखांच्या आधीचा. आजोबा-पणजोबांचा शाळा सोडल्याचा दाखला, गाव नमुना १४ मधली जन्ममृत्यूची नोंद, जुनी महसुली कागदपत्रं उपयोगी पडतात.
- जात पडताळणी : अनुसूचित जमातीची तपासणी वेगळी समिती करते आणि तिला वेळ लागतो. वडिलांकडच्या रक्ताच्या नातेवाइकाची व्हॅलिडिटी आधी झालेली असेल तर ती जोडा. कातकरी कुटुंबांच्या जुन्या नोंदीत 'काथोडी' असं लिहिलेलं असू शकतं. अनुसूचित जमातींच्या यादीत दोन्ही नावं एकाच नोंदीत आहेत, त्यामुळे घाबरू नका, फक्त दोन्ही कागद जपून ठेवा.
- उत्पन्नाचा दाखला : तहसीलदारांचा. आर्थिक वर्ष बदललं की नवा काढावा लागतो.
- नॉन-क्रिमीलेयर : ओबीसी आणि इतर प्रवर्गांसाठी. राज्याचा नमुना वेगळा, केंद्राचा वेगळा. आयसर, आयआयटी अशा केंद्रीय संस्थांना केंद्राच्या नमुन्यातलाच लागतो.
- बँक खातं : खात्याला आधार जोडलंय, एवढं पुरत नाही. सरकारी पैसे जमा होण्यासाठी ते खातं आधारशी 'सीडिंग' झालेलं असावं लागतं. बँकेत जाऊन हाच शब्द वापरा आणि डीबीटी चालू आहे का ते विचारा. अर्ज मंजूर होऊनही पैसे न येण्याचं हे नेहमीचं कारण आहे.
- नावाचं स्पेलिंग : दहावीची गुणपत्रिका, आधार आणि बँक, तिन्हीकडे एकच हवं.

ग्रामपंचायत किंवा एखादं मंडळ मे महिन्यात एक दिवस कागदांचं शिबिर घेऊ शकतं. ई-सेवा केंद्राचा माणूस, तलाठी आणि दोन कॉलेजातली मुलं एका टेबलावर बसली तर पन्नास घरांचं काम होतं.

कॉलेजात कोणाकडे जायचं?

लहानपणापासून ऑफिसात जायची भीती असलेल्या मुलांना हे सांगावं लागतं. कॉलेजात स्कॉलरशिपसाठी एक क्लार्क ठरलेला असतो, त्याचं नाव आणि खिडकी पहिल्या आठवड्यात माहीत करून घ्या. विद्यापीठ अनुदान आयोगाच्या २०१२ च्या नियमांनुसार कॉलेजात समान संधी कक्ष आणि भेदभावाच्या तक्रारी बघणारा अधिकारी असायला हवा. जातीवरून, धर्मावरून कुणी टोमणे मारत असेल, प्रॅक्टिकलला मुद्दाम मागे ठेवत असेल, तर तारखेसह लिहून ठेवा आणि लेखी तक्रार द्या. रॅगिंगसाठी देशभराची मोफत हेल्पलाइन १८००-१८०-५५२२ आहे.

केटी लागली तर कॉलेज सोडायचा निर्णय त्या आठवड्यात घेऊ नका. एटीकेटीचे नियम काय आहेत, पुढच्या सेमिस्टरला जाता येतं का, हे आधी विचारा. बऱ्याच कॉलेजांत जादा मार्गदर्शनाचे तास आणि मेंटर शिक्षक असतात. ते विचारल्याशिवाय कळत नाहीत. 'कमवा आणि शिका' चालू असेल तर वाचनालयात किंवा प्रयोगशाळेत काही तास काम करून हातखर्च निघतो, प्रॅक्टिकलही बुडत नाही.

पुढे काय? विज्ञान तर दाराशी आहे

बीएस्सी करून काय होतं, हा घराघरातला प्रश्न. उत्तराचा काही भाग गव्हाणपासून फार लांब नाही. पृथ्वीच्या चुंबकत्वाचा अभ्यास करणारी भारतीय भूचुंबकत्व संस्था नवीन पनवेलमध्येच आहे. तिची अलिबागची वेधशाळा १९०४ पासून चालू आहे. मुंबईत विजेच्या ट्राम येणार, त्यांच्या विजेमुळे कुलाब्याची चुंबकीय मोजमापं बिघडतील, म्हणून ती अलिबागला उभारली. खारघरला टाटा मेमोरियलचं कर्करोग संशोधन केंद्र आहे. मानखुर्दला होमी भाभा विज्ञान शिक्षण केंद्र आहे आणि खाडीपलीकडे तुर्भ्याला भाभा अणुसंशोधन केंद्र. कॉलेजच्या विभागप्रमुखांमार्फत अशा ठिकाणी भेटीची, प्रोजेक्टची विचारणा करता येते.

गणिताच्या मुलांसाठी दोन नावं लक्षात ठेवण्यासारखी आहेत. एक, एमटीटीएस : १९९३ पासून चालणारं गणिताचं उन्हाळी शिबिर. तिथे घोकंपट्टी नाही, विचार करायला शिकवतात. दुसरी, माधव गणित स्पर्धा, पदवीच्या विद्यार्थ्यांसाठी. नंबर आला नाही तरी तिचे जुने पेपर अभ्यासगटाला उत्तम.

बारावीनंतरच थेट पुढचं दार हवं असेल तर पुण्याच्या आयसरसाठी आयएटी ही परीक्षा आहे. भुवनेश्वरचं नायसर आणि मुंबई विद्यापीठाच्या कलिना आवारातलं सीईबीएस यांच्यासाठी नेस्ट आहे. बीएस्सीनंतर आयआयटीत एमएस्सी करायला जॅम. या सगळ्या ठिकाणी अनुसूचित जाती, जमाती आणि ओबीसींसाठी राखीव जागा असतात. शिवाय मागासवर्गीय आणि ओबीसी मुलांना मार्गदर्शन आणि संशोधनासाठी मदत देणाऱ्या राज्याच्या संस्था आहेत : बार्टी, टीआरटीआय आणि महाज्योती.

गावाने काय करावं?

दरवर्षी दहावी-बारावीच्या गुणवंतांचा सत्कार होतो. शाल, श्रीफळ, ट्रॉफी. तो व्हावाच. पण त्याच कार्यक्रमात आणखी एक नाव पुकारा : बीएस्सीचं पहिलं वर्ष पार केलेल्या मुलामुलींचं. ट्रॉफीच्या पैशातून एखाद्याचा लोकलचा पास निघतो, एखाद्या वाडीवरच्या मुलीचा प्रॅक्टिकलचा ॲप्रन आणि जर्नल येतं. ज्यांच्या घरात आधीच शिक्षक, इंजिनीअर, लॅब टेक्निशियन आहेत, त्यांनी महिन्यातून एक रविवार गटाला दिला तरी पुष्कळ झालं.

पालकांनीही एक सवय लावून घ्यावी. "किती टक्के पडले?" याआधी दोन प्रश्न विचारायचे : "स्कॉलरशिपचा फॉर्म भरला का?" आणि "अभ्यासाला कोणाबरोबर बसतोस?" पहिल्याचं उत्तर 'नाही' असेल तर उद्या सकाळी ई-सेवा केंद्र गाठा. दुसऱ्याचं उत्तर 'एकटाच' असेल तर आज संध्याकाळीच शेजारच्या बीएस्सीवाल्याच्या दारात जा.